घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रणासाठी माइक: थोड्या खर्चात काय घ्यावे

कथावाचन, ऑनलाइन शिकवणी किंवा पॉडकास्ट यांसाठी माइक शोधणाऱ्याची खोली बहुधा ठरलेल्या धाटणीची असते: खाली गुळगुळीत फरशी, चारही बाजूंना उघड्या भिंती, डोक्यावर पंखा आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. अशा खोलीत जो माइक कमी ऐकतो तोच बहुतेक वेळा चांगला ठरतो. विक्रीच्या पानांवर मात्र ‘अतिसंवेदनशील’ हा गुण म्हणूनच छापलेला असतो. प्रस्तुत परीक्षण एकट्या माणसाच्या बोलण्यापुरते आहे; गाण्या-वाजवण्याचा विचार शेवटी थोडक्यात केला आहे.

सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त दिसणारा पर्याय म्हणजे ‘बीएम-८००’ या नावाने निरनिराळे विक्रेते विकतात तो संच. टेबलाला अडकवायचा दुमडता दांडा, पॉप फिल्टर (बोलताना सुटणारा हवेचा झोत अडवणारी जाळी), स्पंजची टोपी आणि दिसायला थेट स्टुडिओतला वाटावा असा माइक, एवढे सगळे जुजबी किमतीत मिळत असल्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. अडचण विजेची आहे. हा कंडेन्सर जातीचा, म्हणजे चालायला वीज लागणारा आणि बारीक आवाजही टिपणारा माइक असून त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच केबलमधून येणारी वीज, मिळावी अशी अपेक्षा असते, तर सोबत दिलेली केबल ज्या ३.५ मिमीच्या सॉकेटमध्ये घालायची, तिथून संगणक जेमतेम काही व्होल्ट पुरवतो. परिणामी आवाज क्षीण येतो. तो वाढवण्यासाठी विंडोजमधला ‘मायक्रोफोन बूस्ट’ २० किंवा ३० डेसिबलवर नेला की बोलण्याबरोबर साउंडकार्डाची (संगणकातल्या ध्वनी हाताळणाऱ्या भागाची) सूंऽऽ अशी सळसळही तितकीच वाढते. वेगळा फँटम पॉवरचा डबा घेऊन माइकला पुरेशी वीज देता येते, परंतु त्यातून निघालेला आवाज पुन्हा त्याच सामान्य साउंडकार्डात जाणार असेल, तर अर्धा दोष कायम राहतो. दांडा आणि पॉप फिल्टर तेवढे उपयोगी आहेत, म्हणून ते सुटे घ्यावेत.

याच किमतीच्या आसपास मिळणारा बोया बीवाय-एम१ हा कॉलरचा माइक त्यापेक्षा प्रामाणिक आहे. त्याची केबल सहा मीटर लांब आहे आणि डबीतल्या एलआर४४ सेलची गरज मोबाइलला जोडताना लागत नाही. तो चहूबाजूंचे ऐकतो, पण छातीवर लावलेला असल्यामुळे तोंडापासून वीतभरच अंतरावर राहतो आणि आवाज स्वच्छ येतो. त्याची पिन मोबाइलसाठीची, म्हणजे चार पट्ट्यांची असते. ज्या डेस्कटॉपवर माइक आणि हेडफोन यांची सॉकेटे वेगवेगळी आहेत, तिथे दोन शेपट्यांचा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. फळ्यापाशी उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षकांनी याहून अधिक खर्च करण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

त्यानंतर येतात ते यूएसबी कंडेन्सर माइक, उदाहरणार्थ फिफाइन के६६९ किंवा माओनो एयू-ए०४. यांच्या पोटातच ध्वनीचे आकड्यांत रूपांतर होत असल्यामुळे संगणकाच्या साउंडकार्डाचा प्रश्न मिटतो. खोली शांत असेल तर त्यांचा आवाज उजळ आणि मोकळा वाटतो. शेजारच्या कुकरची शिट्टीही तितक्याच उजळपणे येते, हे मात्र विसरू नये. खोक्यावरच्या ‘१९२ किलोहर्ट्झ’ या (सेकंदाला ध्वनीचे किती हजार नमुने घेतले जातात ते सांगणाऱ्या) आकड्याला भुलण्याचे कारण नाही. बोलण्याच्या मुद्रणाला ४८ किलोहर्ट्झ भरपूर होतात.

माझी शिफारस डायनॅमिक जातीच्या (फँटम पॉवर न लागणाऱ्या, कमी संवेदनशील), यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतल्या माइकांचे तीन पिनांचे) अशी दोन्ही सॉकेटे असलेल्या माइकची आहे. सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स हे या वर्गातले जुने भरवशाचे माइक. फिफाइन एएम८ हा त्यातला स्वस्त पर्याय. डायनॅमिक माइक दूरचे ऐकत नाही असे म्हटले जाते, पण खरे काम अंतर करते. त्याची संवेदनशीलता कमी असल्यामुळे तोंड चार बोटांवर आणावेच लागते, आणि तोंड ते माइक हे अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, तर भिंतींवरून परतणारा घुमारा आणि पंख्याची घरघर होती तेवढीच राहते. शिवाय हे माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचे ऐकणारे आणि पाठीमागचे टाळणारे असल्यामुळे माइकची पाठ खिडकीकडे करून बसल्यास रस्त्याचा त्रास आणखी घटतो. मात्र इतक्या जवळून बोलताना मराठीतले ‘फ’, ‘भ’, ‘ठ’, ‘ख’ हे महाप्राण वर्ण हवेचा झोत थेट माइकमधल्या कंप पावणाऱ्या पडद्यावर सोडतात. त्यासाठी पॉप फिल्टर लावावाच, आणि माइक ओठांच्या अगदी समोर न धरता ओठांच्या कडेला थोडा तिरका ठेवावा.

या माइकांना हेडफोन लावण्याची सोय असल्यामुळे स्वतःचा आवाज विलंबाविना ऐकता येतो, आणि त्याने जवळ-दूर होण्याची सवय लवकर मोडते. एएम८ घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तो एक्सएलआरने जोडला की त्यावरचे आवाजाचे बटण, म्यूट, हेडफोन आणि रंगीत दिवा यांपैकी काहीच चालत नाही. दिव्याची कमतरता कोणाला जाणवेल असे वाटत नाही.

उरलेले पैसे खोलीवर खर्च करावेत, आणि तेही फारसे लागत नाहीत. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टांगली, खाली सतरंजी अंथरली, तर घुमारा लक्षणीय कमी होतो; कपड्यांनी भरलेले उघडे कपाट हेच काम फुकट करते. मुद्रणासाठी ऑडॅसिटी ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. त्यात मोनो (एकच ध्वनिवाहिनी) आणि ४८,००० हर्ट्झ निवडावे, सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान (शून्य ही कमाल मर्यादा) राहील असे बेताने गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, ठेवावे आणि विंडोजमधल्या ध्वनी ‘सुधारणा’ बंद कराव्यात. ऑडिओबुकसाठी एसीएक्स ही सेवा शांततेतला गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली मागते. पंखा बंद करून काही सेकंद नुसती शांतता मुद्रित केली की आपली खोली त्या कसोटीला उतरते की नाही ते तिथेच कळते.

गायन, संवादिनी किंवा तंबोरा यांचे बारकावे हवे असतील आणि खोली खरोखर शांत असेल, तर कंडेन्सरकडेच वळावे, तेही फँटम पॉवर देणारा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा बाहेरचा डबा) घेऊन. बेहरिंगरचा यूएम२ हा त्यातला स्वस्तातला. दोघांची मुलाखत समोरासमोर बसून करायची असेल तर मात्र दोन यूएसबी माइक विकत घेऊ नयेत, कारण ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणातून मुद्रण करते. अशा वेळी माइकच्या दोन सॉकेटांचा इंटरफेस घ्यावा लागतो, आणि आधी घेतलेला डायनॅमिक माइक एक्सएलआरच्या बाजूने त्याला जोडता येत असल्यामुळे नव्याने एकच माइक आणावा लागतो.