यूनिप्रॉट, ऱ्हीआ, एन्सेम्बल, विकिडेटा एकत्र जोडून: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मेटाबोलोमिक्सच्या, म्हणजे शरीरातल्या लहान रेणूंच्या मोजणीच्या, तक्त्यात एक रेणू आहे. त्याच्यावर काम करणारी माणसातली एन्झाइमं कोणती आणि त्यांची जनुकं कोणती, एवढंच शोधायचं आहे. रेणू चेबीत, अभिक्रिया ऱ्हीआत, प्रथिनं यूनिप्रॉटमध्ये, जनुकं एन्सेम्बलमध्ये, आणि सुटे धागे जोडायला विकिडेटा. हे पाचही माहितीसंग्रह (डेटाबेस) फुकट आणि पाचही यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात. चेबी, ऱ्हीआ आणि यूनिप्रॉटचा परवाना सीसी बाय ४.० (श्रेय देऊन वापरा), विकिडेटाचा सीसी झिरो (काही अट नाही), म्हणजे तयार झालेला तक्ता पुढे वाटायलाही आडकाठी नाही. हा जोडलेला संच आठ महिने चालवल्यावर सांगायचं ते हे: रेस्ट (वेबवरून माहिती मागायची पद्धत), स्पार्कल (जोडलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा), जेसन (उत्तराचं स्वरूप) यांनी फारसा त्रास दिला नाही. घोडं पेंड खातं ते आयडी कसा लिहिलाय यापाशी.

साधं पाणी घ्या. तक्त्यात ते ‘चेबी:१५३७७’ असतं. ओबीओ या जीवशास्त्रीय शब्दसंग्रहांच्या प्रकल्पाच्या कायमस्वरूपी पत्त्यात कोलनच्या जागी अंडरस्कोर येतो. आयडेंटिफायर्स डॉट ऑर्ग या आयडींना वेब-पत्ते देणाऱ्या सेवेच्या पत्त्याचं रूप आणखी निराळं. आपल्या डोळ्यांना तिन्ही एकच, पण आरडीएफ (माहिती जोडून ठेवायचं स्वरूप) आयआरआयची, म्हणजे वस्तूच्या वेब-पत्त्याची, तुलना अक्षराला अक्षर लावून करतं, म्हणून त्याच्या लेखी या तीन वेगळ्या वस्तू. एका बाजूला एचटीटीपी आणि दुसऱ्या बाजूला एचटीटीपीएस असलं तरी जोडणी तुटते. गंमत अशी की एरर येतच नाही. रिकामा तक्ता येतो, आणि रिकामा तक्ता ‘असं एन्झाइम नाही’ या खऱ्या उत्तरासारखाच दिसतो. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या एचजीएनसी समितीच्या आयडीत तर प्रीफिक्स (आधी लागणारं संग्रहाचं नाव) आधीच असतो. स्क्रिप्टने तो पुन्हा लावला की टीपी५३ या जनुकाचा आयडी ‘एचजीएनसी:एचजीएनसी:११९९८’ होऊन बसतो. आपल्या फाइलमध्ये प्रीफिक्स एका रकान्यात आणि क्रमांक दुसऱ्यात ठेवावा, आणि पूर्ण आयआरआय क्वेरी पाठवताना, त्या त्या सेवेला हवा तसा, एकाच फंक्शनमधून बांधावा. हे फंक्शन लिहायला अर्धा दिवस लागतो. ते नसेल तर पुढचे सगळे महिने त्याची किंमत मोजत राहावी लागते.

आता रसायनशास्त्राचा भाग, जो कुठल्याही प्रमाणकाच्या कागदावर दिसत नाही. ऱ्हीआ प्रत्येक रेणूचं पीएच ७.३ ला जे रूप प्रामुख्याने असतं, ते वापरतं. म्हणून ऱ्हीआतला एटीपी म्हणजे चार ऋण प्रभारांचा चेबी:३०६१६. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या सॉफ्टवेअरमधून मात्र बहुतेक वेळा प्रभार नसलेला एटीपी येतो, चेबी:१५४२२. तो थेट विचारला तर शेकडो अभिक्रियांचा हा रेणू शून्य अभिक्रिया दाखवतो. पायरुव्हिक आम्ल (३२८१६) आणि पायरुव्हेट (१५३६१) यांचंही तसंच. ग्लुकोजसारख्या प्रभार नसलेल्या रेणूंना ही अडचण येत नाही, म्हणून ग्लुकोजवर चाचणी घेऊन ‘सगळं चालतंय’ म्हणणाऱ्याला उशिरा कळतं. उपाय तयार आहे: ऱ्हीआच्या डाउनलोडमध्ये पीएच ७.३ ची चेबी मॅपिंग फाइल असते. ती पहिल्याच पायरीला लावावी आणि मूळ आयडी वेगळ्या रकान्यात जपून ठेवावा.

ऱ्हीआचा दुसरा खड्डा दिशेचा. प्रत्येक अभिक्रियेला चार आयडी असतात: दिशा न सांगणारा मूळ, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे आणि दुहेरी. यूनिप्रॉटच्या आरडीएफमध्ये ‘कॅटलाइज्ड रिअ‍ॅक्शन’ मूळ आयडीकडे बोट दाखवतं, आणि शरीरात प्रत्यक्ष घडणारी दिशा ‘कॅटलाइज्ड फिजिओलॉजिकल रिअ‍ॅक्शन’मध्ये वेगळी नोंदलेली असते. एखाद्या मार्गिकेच्या (अभिक्रियांच्या साखळीच्या) नकाशातून दिशा असलेला आयडी उचलला असेल, तर आधी मूळ आयडीवर या.

एवढं जुळलं की फेडरेटेड क्वेरी (एकाच क्वेरीतून अनेक संग्रहांना विचारणं) खरोखर सुखाची आहे. यूनिप्रॉटच्या स्पार्कल एंडपॉइंटवर (क्वेरी घेणाऱ्या पत्त्यावर) क्वेरी लिहायची आणि आतल्या ‘सर्व्हिस’ खंडातून ऱ्हीआला विचारायचं. दोन गोष्टी पाळायच्या. ऱ्हीआचा खंड उपक्वेरीत घालून आधी सोडवून घ्यायचा, कारण तो लहान आहे. उलट केलं तर यूनिप्रॉटचा अख्खा डोंगर आधी उपसला जातो आणि ४५ मिनिटांची मर्यादा संपते. आणि ‘रिव्ह्यूड’ खरं व टॅक्सॉन ९६०६ (प्रजातीचा क्रमांक, इथे माणसाचा) या दोन अटी हव्यातच. त्यांनी यादी माणसाच्या तपासलेल्या सुमारे २० हजार ४०० प्रथिनांपुरती आटोपशीर राहते. एक मर्यादा मात्र कायम आहे. यूनिप्रॉटने डिसेंबर २०१८ पासून अभिक्रिया ऱ्हीआच्या आधारे नोंदवायला घेतल्या, तरी ज्या अभिक्रिया ऱ्हीआत मांडता आलेल्या नाहीत त्या अजून नुसत्या मजकुरात आहेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अशा एन्झाइमांसाठी ईसी क्रमांकाने (एन्झाइमांच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाने) वेगळी फेरी मारावी लागते.

रोजच्या आयडी बदलासाठी स्पार्कल वापरू नका. यूनिप्रॉटची आयडी मॅपिंग सेवा पुरते, एका वेळी १ लाख आयडी घेते. काम तीन टप्प्यांत होतं: यादी पाठवायची, जॉब आयडी मिळतो; त्याची स्थिती विचारत राहायचं; संपलं की निकाल उचलायचा. स्थितीच्या टप्प्यावर बरीच हाताने लिहिलेली स्क्रिप्टं अडकतात. काम संपल्यावर सर्व्हर तुम्हाला थेट निकालाच्या पत्त्यावर वळवतो. स्क्रिप्ट हे वळण आपोआप घेते, तिथे ‘फिनिश्ड’ हा शब्द शोधत बसते, तो सापडत नाही आणि ती फिरतच राहते. निकाल किंवा ‘फेल्ड आयडीज’ची यादी दिसली की काम झालं असं समजावं. दुसरं, निकाल पानापानाने येतो. ठरलेलं पान २५ ओळींचं असतं, जास्तीत जास्त ५०० मागता येतात, आणि पुढच्या पानाचा पत्ता हेडरमध्ये असतो. बरोबर २५ ओळींची फाइल दिसली की संशय घ्यावा. जनुकाच्या नावावरून शोधत असाल तर टॅक्सॉन आयडीही द्यावा, नाहीतर उंदीर, मासे, यीस्ट सगळे रांगेत येऊन उभे राहतात.

‘फेल्ड आयडीज’ वाचणं ऐच्छिक समजू नका. विनंती यशस्वी, कोड २००, आणि तरी त्यात तुमचे दहा आयडी पडलेले असू शकतात. जुन्या याद्यांत हे हमखास होतं. कॅल्मोड्युलिनचा पी६२१५८ पूर्वी एकच आयडी होता. तीन वेगवेगळी जनुकं हुबेहूब एकच प्रथिन बनवतात म्हणून तिन्ही एका नोंदीत होती. नंतर ती नोंद फोडून पी०डीपी२३, २४ आणि २५ अशा तीन झाल्या. एकाचे तीन झाल्यावर कुठला घ्यायचा हे सेवा ठरवत नाही, ठरवूही नये. आपल्या कामात जनुक महत्त्वाचं की प्रथिन, यावर ते अवलंबून. तिन्ही ठेवून मोजताना एकदाच धरणं हा आमच्या मते कमी धोक्याचा मार्ग.

एन्सेम्बलबद्दल थोडक्यात. रेस्ट सेवा सेकंदाला १५ विनंत्या देते; त्यापुढे ४२९ (विनंत्या फार झाल्या) हा एरर कोड येतो आणि किती थांबायचं ते ‘रिट्राय आफ्टर’ हेडरमध्ये असतं. एकेक आयडी विचारण्यापेक्षा पोस्ट प्रकारच्या एकाच विनंतीत १००० एकत्र पाठवावेत. आयडीच्या शेवटी टिंब आणि आवृत्ती येते. जोडणीआधी ती कापून वेगळ्या रकान्यात ठेवावी, फेकू नये. तक्ता कुणी मध्येच एक्सेलमध्ये उघडला असेल तर जनुकांच्या नावांच्या तारखा झालेल्या असतात. म्हणून तर २०२० च्या नियमावलीत सेप्ट२ चं सेप्टिन२ आणि मार्च१ चं मार्चएफ१ झालं. जनुकाच्या नावाऐवजी एचजीएनसी क्रमांकाने जोडा.

विकिडेटा उपयोगी, पण शेवटी. तिथल्या क्वेरीला ६० सेकंदच मिळतात, आणि पी३५२ या गुणधर्मात यूनिप्रॉटचा आयडी साध्या मजकुराच्या रूपात असतो. आयआरआय हवा असेल तर त्याच गुणधर्माला ‘डब्ल्यूडीटीएन’ हे प्रीफिक्स लावावं, जोडाजोड करावी लागत नाही.

यूनिप्रॉट साधारण आठ आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतं, त्यामुळे आठ महिन्यांत पायाखालची जमीन तीन-चार वेळा सरकते. प्रत्येक निकालाबरोबर हेडरमधला रिलीज क्रमांक साठवतो, आणि नव्या रिलीजवर खरी यादी सोडण्याआधी सात ओळींची चाचणी फाइल चालवतो: पाणी, दोन्ही एटीपी, पायरुव्हिक आम्ल, दिशा असलेला एक ऱ्हीआ आयडी, टीपी५३, आणि तो फुटलेला पी६२१५८. यातल्या एकाचंही उत्तर मागच्या वेळेपेक्षा वेगळं आलं, तर त्या दिवशी खरी यादी जात नाही.