पालीच्या वाटेवर सुटलेला सोल

आधीच सांगते, हा रिव्ह्यू नव्या बुटांचा नाही. जुन्या ट्रेकिंग बुटांना नवा सोल लावून देणाऱ्या एका काकांच्या कामाचा आहे. "नाव-बिव टाकू नका ताई, इथं आधीच उभं राहायला जागा नाही," असं त्यांनीच बजावल्यामुळे नाव टाकत नाही. बुटांच्या कंपनीचंही नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या बुटाचं होतं आणि त्यातला निम्मा दोष माझा आहे.

मागच्या नोव्हेंबरात आम्ही चौघं दीड वर्षानं राजगडाला निघालो. मी, नवरा, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी. पूर्वी आमचा नेम होता, एक रविवार डोंगराचा, एक घरचा. मग सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि सगळेच रविवार घरचे झाले. तक्रार नाही. त्या दीड वर्षात मुलं आजीकडून पाच-तीन-दोन शिकली, आणि हरायला लागल्यावर आजी चिडते कशी, तेही. सकाळी थालीपीठं, दुपारी पत्ते, संध्याकाळी वॉकर धरून आजीची सोसायटीच्या गेटपर्यंत फेरी. तिला मुलीनं 'आजीचा ट्रेक' असं नाव ठेवलं होतं. पाठीला सॅक आणि सॅकमध्ये पाण्याची बाटली घेतल्याशिवाय मुलगी निघायचीच नाही. गेट आमच्या जिन्यापासून साठ पावलांवर आहे.

एवढे दिवस माझे बूट कपाटाच्या खालच्या खणात होते. धुऊन, वाळवून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, कंपनीच्याच खोक्यात. मला वाटत होतं, मी त्यांना जपतेय.

मुलगी बरोबर असल्यामुळे आम्ही पालीची वाट धरली. गुंजवण्यातून चोरदरवाज्याला जाणारी वाट उभ्या चढाची आहे, शेवटी रेलिंग धरून चढावं लागतं. पाली दरवाज्याकडे मात्र चांगल्या पायऱ्या आहेत. सुमारे २५ वर्षं राजधानी असलेल्या गडाचा राबता याच बाजूनं असणार, असं नवरा दर वेळी त्याच वळणावर सांगतो. तो ते सांगत असतानाच मागून मुलगा ओरडला, "आई, तुझ्या बुटातून काहीतरी सांडतंय."

वळून बघितलं तर मागच्या दहा-बारा पायऱ्यांवर काळसर चुरा पडलेला. खारी चहात न बुडवता खाल्ली की ताटलीत पडतो ना, तसा. डाव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटून लोंबत होता. पंधरा मिनिटांत उजव्यानंही मान टाकली. नवल म्हणजे वरचं चामडं उत्तम, नाडी उत्तम, खालच्या रबराच्या खाचाही नव्यासारख्या. या दोहोंच्या मधला मऊ थर तेवढा मेला होता. बोट लावलं की गळायचा.

वाटेत ताक विकणाऱ्या मावशींनी सुतळी दिली. पैसे घेतले नाहीत, पण "बाई, येवढं महाग घेऊन असं?" एवढं ऐकवलंच. सुतळीनं आवळलेले बूट घेऊन पद्मावती माचीपर्यंत पोचले, देवळासमोर डबा सोडला, गूळपोळ्या संपवल्या आणि परत फिरलो. बालेकिल्ला रद्द, सुवेळा माचीही रद्द. मुलीला सुवेळा माचीवरच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, बसून फोटो काढायचा होता. गाडीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. उतरताना सुतळीही तुटली. दोन्ही सोल सॅकमध्ये टाकले आणि बुटाच्या तळाला उरलेल्या पुठ्ठ्यासारख्या पातळ पट्टीवर मी सगळ्या पायऱ्या उतरले. दुसऱ्या दिवशी बँकेत काउंटरवर उभी राहताना टाचा ठणकत होत्या.

आणि नवऱ्याचे बूट? त्याच कंपनीचे, त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेले. काही झालं नाही. कारण दीड वर्ष तो ते घालून दूध आणत होता, पावसात स्कूटर चालवत होता, एकदा सोसायटीच्या टाकीतही उतरला होता. "ट्रेकचे बूट घालून भाजी आणतात का?" असं मी त्याला किती वेळा म्हटलं असेल! ते वाक्य आता आठवड्यातून एकदा मला परत मिळतं, माझ्याच सुरात.

घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. बऱ्याच ट्रेकिंग बुटांत हा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प हळूहळू त्यात शिरतं आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत राहतं. याला जलविघटन म्हणतात. उष्ण आणि दमट हवेत ते जास्त वेगानं होतं. म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद खोक्यात ठेवलेला बूट जलविघटनाला अगदी हव्या त्या जागी ठेवलेला असतो. वापरातला बूट कपाटातल्या बुटापेक्षा जास्त टिकतो, असं बूट बनवणारेच सांगतात. नवऱ्याचे बूट अमर नाहीत, त्यांचीही वेळ येईल. पण माझे बूट घरी बसून गेले, हे खरं.

जिथून घेतले होते त्या दुकानात गेले. वॉरंटीची मुदत संपलेली होती. सोल बदलून मिळत नाही, जुने देऊन नव्यावर सूट मिळेल, असं कळलं. नव्यांची किंमत साडेसहा हजार. वरचं चामडं माझ्या पायाला दोन वर्षं घासून घासून आता कुठं मऊ झालं होतं, ते टाकायला जीव होईना.

काकांचा पत्ता ऑफिसातल्या शिपाईमामांनी दिला. पुण्यात कर्वे रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाचा जिना आहे, त्याच्या खाली. जागा एवढी, की काका बसले की गिऱ्हाईक रस्त्यावर. समोर लोखंडी तिवई, मागे लाकडी फरमे टांगलेले, सोल्यूशनचे डबे, हाताशी आरी आणि रापी, म्हणजे चामडं कापायचं रुंद पातं. मी खोकं पुढं केलं. झाकण उघडायच्या आधीच म्हणाले, "कपाटातला ना?"

मग मला प्रश्न विचारले. याआधी एवढे प्रश्न बूट विकणाऱ्यानं मला कधी विचारले नव्हते. कुठं चढता? मुरूम जास्त की कातळ? उतरताना टाच आधी टेकता की चवडा? पाऊस असताना जाता का? आपल्या डोंगरांचा दगड सगळा बेसॉल्टचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो जिथं ताजा आहे तिथं कातळ आणि जिथं झिजून सुटला तिथं मुरमाचा घसारा. कातळाला मऊ, सपाट, भरपूर टेकणारं रबर लागतं. घसाऱ्याला खोल खाचा लागतात. दोन्ही एका सोलात पुरेपूर बसत नाहीत, हे मला काकांनी दोन तुकडे हातात देऊन दाखवलं. स्वतः ते सिंहगड एकदाच चढलेत, "तोही चपलेवर, पोरीच्या नवसाला." पण बुटाच्या तळाकडे बघून माणूस कसा चालतो ते सांगतात. मी उजव्या पायावर जास्त भार देते, हे मला चाळिशी उलटल्यावर जिन्याखाली कळलं.

माझा जुना रबरी सोल चांगला दिसत होता, तोच परत लावा म्हटलं. त्यांनी नखानं दाबून बघितला. "हा कडक झालाय. ओल्या दगडावर न्या, फरशीवर साबण सांडल्यासारखं होईल." मग नवा. आधी मेलेल्या थराचा कण न् कण रापीनं खरवडून काढला, कारण भुगा राहिला तर सोल्यूशन धरत नाही. त्या जागी मायक्रो शीटचे, म्हणजे हलक्या फुगीर रबराचे थर, टाचेकडे दोन आणि चवड्याकडे एक, ग्राइंडरवर घासून उतार दिलेले. त्याखाली रबर. दोन्ही अंगांना सोल्यूशन लावून वाळू दिलं, मग गरम करून दाबलं, ठोकलं आणि बूट रात्रभर फरम्यावर ठेवला. हे मी सगळं बघितलं नाही, अर्धं बघितलं आणि अर्धं त्यांनी सांगितलं. शेवटी कडेनं आरीनं भोकं पाडून मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिलाई. "नुसतं चिकटवून दिलं तर सहाशे पन्नास. शिलाईचे दीडशे वेगळे. डोंगरावर जाणार असाल तर शिलाई घ्या, गावात फिरणार असाल तर मी घेऊ देणार नाही."

एकूण ८०० रुपये. चार दिवस सांगितले, अकरा लागले. फोन उचलत नाहीत. तिसऱ्या खेपेला मी थोडी चढ्या आवाजात बोलले, तर त्यांनी शांतपणे एका शाळकरी पोराची चप्पल शिवून आधी त्याला दिली आणि मग माझ्याकडे बघितलं. यावर मला काही बोलता आलं नाही, पण रिव्ह्यू आहे म्हणून लिहिते: वेळेच्या बाबतीत विश्वास ठेवू नका. ट्रेक रविवारी असेल तर बूट त्याच्या आदल्या महिन्यात टाका.

आता वापराचं. डिसेंबरपासून हे बूट सिंहगडाला आतकरवाडीच्या वाटेनं दोनदा, तिकोन्याला एकदा, राजगडाला पुन्हा एकदा आणि जुलैत कोथळीगडाला गेलेत. पहिल्या सिंहगडाला दोन्ही करंगळ्यांना फोड आले, कारण तळ नवा म्हणजे पाय नव्यानं बसायचा. दुसऱ्या खेपेपासून त्रास नाही. तिकोन्याच्या शेवटच्या उंच पायऱ्या उतरताना, जिथं पूर्वी माझी टाच सरकायची, तिथं रबर चिकटल्यासारखं धरतं. घसाऱ्यावर मात्र मार खातात. खाचा उथळ आहेत. पेठ गावातून कोथळीगडाच्या सुळक्याकडे जाताना मातीच्या चढावर मी दोनदा बसले. मुलांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. सुळक्याच्या पोटातून खोदून काढलेला जिना आहे तिथला. आत अंधार, पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. तिथं बूट एकदाही हलले नाहीत. शेवाळाची गोष्ट वेगळी. शेवाळावर काहीच टिकत नाही. तिथं बुटाला नाही, स्वतःला दोष द्यायचा.

वजन वाढलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी एक बूट ५२० ग्रॅम भरायचा (हो, मी मोजला होता, नवीन घेतला तेव्हा), आता ६१०. संध्याकाळी उतरताना हे नव्वद ग्रॅम जाणवतात. आणि पाणी. शिलाईच्या भोकांतून आत येतं. वॉटरप्रूफ असण्याचा विषय संपला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "आत येतंय तसं बाहेरही जाईल." ते खरं आहे, पण ओले मोजे घालून तीन तास चालायचं ते मलाच. पावसाळ्यात मोज्यांची जादा जोडी आता सॅकमध्ये कायम असते.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त पटली. मुलाचे लहान झालेले बूट मी धाकटीसाठी माळ्यावर ठेवले होते, पाच वर्षं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. ते काढले तर पिशवीच्या तळाशी तोच चुरा. तेही घेऊन गेले. ८०० चं काम समोर चालून आलं होतं. काकांनी बूट उलटा-सुलटा केला, मुलीचा पाय बघितला आणि परत दिला. "सहा महिन्यांत पाय वाढेल हिचा. साधे कॅनव्हासचे, रबरी तळाचे घ्या. मोठी झाली की माझ्याकडे आणा." कॅनव्हासचे घेतले. फेब्रुवारीत ती त्याच बुटांत नेढ्यात जाऊन बसली. फोटोत बूटच जास्त आलेत.

घरचे रविवार अजून आहेतच. आता आमचे सगळे बूट गॅलरीत उघड्या फळीवर असतात, आणि घरच्या रविवारी संध्याकाळी 'आजीच्या ट्रेक'ला मी बूट घालूनच जाते. वॉकर सुटलाय, हातात काठी आहे, मजल गेटपासून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत गेलीय. पहिल्या दिवशी सासूबाई माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "मारुतीला जायचंय ना गं, की गड घ्यायचाय?" नवरा फळीशेजारी उभा राहून हसत होता.

जायचं असेल तर: सोमवारी बंद, दुपारी एक ते चार जेवण आणि झोप, रोख किंवा क्यूआर दोन्ही चालतं. ट्रेकला घालता ते जाड मोजे बरोबर न्या, त्यावर माप बघतात. आणि बूट पिशवीतून न्या. खोकं दिसलं की काका हसतात.