रानात न्यायला कुठला चाकू: पातळ स्वीडिश, जाडा सर्व्हायवल का आपल्या लोहाराचा?

आमच्या मावसभावाचा पोरगा बेंगळूरला नोकरीला असतो, सुट्टीला घरी आला की दोस्तांना घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या आमच्या शेतात तंबू ठोकतो. परवा त्यानं तीन फोटो पाठवले आणि विचारलं, काका, यातला कुठला घेऊ सांगा. पहिला मोरा या स्वीडिश कंपनीचा कंपॅनियन, प्लास्टिकच्या मुठीचा, दिसायला अगदी साधा. दुसरा बेकर बीके-२ हा सर्व्हायवल चाकू, काळा, जाडजूड, बघितल्यावर हातात घ्यावासाच वाटतो. तिसरा त्याच्या दोस्तानं खानापूरच्या लोहाराकडनं गाडीच्या कमानपाट्याच्या लोखंडाचा करून घेतलेला. या तिन्ही जातीचे चाकू मी बरीच वर्षं वापरलेत, तर त्याला जे फोनवर सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो, आपल्या भागातल्या अजून कुणाला घ्यायचा असेल तर उपयोग होईल.

पहिला प्रश्न चाकूचा नाहीच, कोयत्याचा आहे. बाहेरदेशीच्या व्हिडिओत तो माणूस चाकू लाकडावर ठेवतो, वरनं दुसऱ्या लाकडानं ठोकतो आणि ओंडका फोडतो, आणि मग सांगतो की चाकू जाडच पाहिजे, पाच-सहा मिलिमीटर तरी पाहिजेच. त्याच्याकडं कोयता नाही म्हणून त्याला ते करावं लागतंय. आपल्याकडं खानापूर तालुक्यात कुठल्याही घरात जा, पडवीत एक तरी कोयता अडकवलेला असतोय, काजूच्या बागेत जाणारा माणूस कमरेला मागं आकडी बांधून त्यात कोयता टाकूनच निघतो. कोयत्याचं वजन पुढं असतंय, त्यामुळं हात नुसता सोडला तरी फांदी तुटते, आणि वाकडं टोक काटेरी जाळी ओढून घ्यायला कामाला येतं. बीके-२ साधारण साडेचारशे ग्रॅमचा आहे, तरीपण मनगटाएवढी ओली फांदी तोडायला त्याला आठ-दहा घाव लागतात, कोयत्याला दोन-तीन. म्हणजे वजन वागवायचं कोयत्याच्या जवळपासचं आणि काम मात्र निम्मंपण नाही.

कोयता बरोबर आहे असं धरलं तर मग चाकूला काय काम उरतं ते बघा. दोरी कापणे, तंबूच्या खुंट्यांना टोक करणे, चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या सोलून चिकनला सळ्या करणे, सुक्या काटकीची कुरळी सोलपटं काढून जाळ पेटवणे, कांदा-टोमॅटो चिरणे, मासा साफ करणे. ही सगळी पातळ पात्याची कामं आहेत. कंपॅनियनचं पातं १० सेंटीमीटरच्या जरासं वर आणि २.५ मिलिमीटर जाड, म्यानासकट वजन ११५ ग्रॅमच्या आसपास. बीके-२ चं पातं १३ सेंटीमीटर आणि जाडी सहा मिलिमीटरच्या वर. घरी एक कांदा घ्या आणि दोन्हीनं चिरून बघा. पातळ पातं सरळ खाली उतरतं, चकती पाटाला चिकटून राहते. जाडं पातं अर्ध्यापर्यंत जातं आणि मग पाचरीसारखं अडकतं, कांदा कट्कन दोन भागात फुटतो आणि एक तुकडा ताटातनं बाहेर उडतो. जी गोष्ट कांद्याची तीच चिव्याची आणि तीच सोलपटांची, जाडं पातं आत शिरायच्या आधी बाजूला ढकलत बसतं.

आता पातळ कुठं कमी पडतो तेपण सांगायलाच पाहिजे. कंपॅनियनमधे पात्याचा मागचा भाग मुठीत पूर्ण शेवटपर्यंत जात नाही, म्हणून त्यानं पाचर घालून उचकटायचं, पिळायचं काम करू नये. त्याची धार स्कँडी जातीची, म्हणजे पात्याला दोन्ही बाजूंनी एकच सपाट रुंद उतार, तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जुळतो, नवख्या माणसाला पाजवायला याच्याइतकं सोपं काही नाही. पण तोच उतार धारेशी फार बारीक होतोय, आणि आपली लाकडं म्हणजे काय तिकडचं भूर्ज किंवा पाईन नव्हे. ऐन, किंजळ, खैर, ही लाकडं वाळली की लोखंडासारखी होतात. बांबूचंपण तसंच, त्यात मुळातच सिलिका असतंय म्हणून धार लवकर मरते, आणि पेराच्या गाठीवर पातं तिरकं बसलं की धारेचा बारीक कपचा निघतो. माझ्या चाकूला असा एक कपचा पडला होता, नखानं चाचपल्यावर कळायचा, घालवायला पाऊण तास दगडावर घासावं लागलं. तेव्हापासनं गाठीला चाकू लावतच नाही, पेराच्या मधनं कापतो आणि गाठ कोयत्यावर सोडतो.

पातळही नको आणि जाडाही नको म्हणणाऱ्याला मोराचाच गारबर्ग आहे, ३.२ मिलिमीटर जाड, लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. त्याच्या पाठीची कड मुद्दाम काटकोनात घासलेली असते, त्यामुळं फेरो रॉडवर, म्हणजे ठिणग्या पाडायच्या कांडीवर, ओढली की ठिणग्यांचा झोत पडतो. पावसाळ्यात काडीपेटी ओली झाली की हे लई उपयोगी. किंमत मात्र कंपॅनियनच्या कितीतरी पट.

पण आपल्या भागात जाडीपेक्षा मोठा विषय गंजाचा आहे. कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याकडं जूनपासनं जो पाऊस लागतो तो अंगावरचे कपडे वाळू देत नाही. माझा पहिला चांगला चाकू कार्बन स्टीलचा होता, चामड्याच्या म्यानात घालून शेतातल्या घरात खुंटीला लावला आणि भात लावणीच्या गडबडीत विसरलो. गणपतीच्या आधी काढायला गेलो तर म्यानावर पांढरी बुरशी, पातं निघता निघेना, ओढून काढलं तर दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपके, आणि ते पुसल्यावर खाली बारीक खड्डे. चामडं ओल धरून ठेवतं आणि ती ओल रात्रंदिवस पात्याला लागून राहते. तेल लावून ठेवायला पाहिजे होतं हे खरंच आहे, पण दरवर्षी चार महिने दर आठवड्याला तेल लावणारा माणूस किती घरात असतो?

दुसरं म्हणजे आपल्या जेवणातला आंबटपणा. कार्बनच्या पात्यानं कैरी, लिंबू, कोकम कापलं की पातं बघता बघता काळं पडतं आणि कैरीच्या फोडीला लोखंडाची चव लागते. पुढं वापरून वापरून काळा थर बसला की ते कमी होतं, पण सुरुवातीला जेवण बिघडतं. बीके-२ चं स्टील १०९५ जातीचं आहे, कार्बन ०.९५ टक्क्यांच्या आसपास, वर काळा लेप असतो पण धारेला लेप नसतो, त्यामुळं गंज तिथूनच सुरू होतो. कंपॅनियन कार्बन आणि स्टेनलेस दोन्हीत मिळतो, घेताना नीट बघून घ्या. चांगल्या स्टेनलेसला धार येत नाही असं जे जुने लोक म्हणतात ते आता खरं नाही, १२सी२७ किंवा १४सी२८एन ही स्वीडिश स्टीलं चांगली धार घेतात आणि १३-१४ टक्के क्रोमियममुळं ओलीत टिकतात. मात्र बाजारात नुसतं 'स्टेनलेस' एवढंच कोरलेलं असेल, स्टीलची जात कुठंच लिहिलेली नसेल, तर तो घेऊ नका. आणि पोकळ मुठीत सुई-दोरा, मागं होकायंत्र असलेले चाकू तर हातातपण धरू नका, मूठ आणि पातं जिथं जोडलंय तिथंच ते मोडतात.

आता लोहाराचा. यावर माझा जीव आहे हे आधीच सांगतो. गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं लोखंड म्हणजे मूळचंच स्प्रिंगचं स्टील, वाकून परत सरळ होणारं, सहसा तुटत नाही. पण लोखंड चांगलं म्हणून चाकू चांगला असं होत नाही, सगळं पाण्यावर, म्हणजे तापवून-विझवून आणलेल्या कडकपणावर, असतंय. आमचा लोहार पातं लाल करून विझवतो, मग दगडानं थोडी जागा घासून चकचकीत करतो, परत निखाऱ्यावर धरतो आणि त्या चकचकीत जागेवर गव्हासारखा पिवळा रंग चढायला लागला की लगेच पाण्यात. मी शेजारी बसून बघितलंय, तो रंग धारेकडं पोचेपर्यंत तो माणूस कुणाशी बोलत नाही. निळा झाला की गेला, मऊ पडला, असं म्हणाला. ज्याला घाई आहे किंवा ज्याला तुम्ही विळा-कोयत्याचंच पाणी द्यायला सांगितलं त्याचा चाकू थोडा मऊच राहतो, धार मुडपते. हातात आल्यावर धारेवर कानस हळू ओढून बघा: अजिबात न लागता काचेवरनं सरकल्यागत सरकली तर फार कडक, धारेचा कपचा निघणार, सहज खोल चावली तर मऊ. किंचित लागली पाहिजे. मग वाळक्या लाकडावर दहा-बारा घाव घालून पात्याची धार उजेडात धरा, कुठं चमक दिसली तर तिथं धार वळलेली आहे.

सांगताना तीन गोष्टी विसरू नका. पाठ तीन-साडेतीन मिलिमीटरवर आणून द्यायला सांगा, नाहीतर पाटा आहे तेवढ्या जाडीचा, सहा-सात मिलिमीटरचा, चाकू हातात येतो. लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत आणि निदान दोन-तीन आरपार खिळे. आणि मुठीच्या पुढं बोट अडेल असा उंचवटा. माझ्या एका चाकूला तो नव्हता, ओल्या मेसाच्या बांबूला टोक करताना हात पुढं सरकला आणि तर्जनी पात्यावर गेली, पाच टाके पडले, त्या बोटाचं टोक अजून थंडीत बधीर होतं. लोहाराच्या चाकूचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बिघडला तर परत नेता येतो, तो पाणी बदलून देतो, मूठ नवी लावतो. डावखुऱ्या माणसाला म्यानपण उलट्या बाजूचं करून मिळतं. तोटा एकच, गंज.

म्यान कुठल्याही चाकूला प्लास्टिकचं, खाली पाणी निघायला भोक असलेलं घ्या. चामड्याचं दिसायला कितीही छान असलं तरी आपल्या पावसात नको.

आणि कुठं न्यायचा हे आधी ठरवा. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासनं अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू हा शब्द सरळ लिहिलेला आहे. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचं नाही, जाळ करायलापण बंदी. म्हणजे हे सगळं बोलणं आपल्या मालकीच्या शेतात किंवा ओळखीच्यांच्या जागेत राहणाऱ्यांसाठी आहे. बेळगावातनं बसनं जाताना चाकू कमरेला लावू नका, म्यानात घालून बॅगेच्या तळाशी ठेवा. सांब्र्याहून विमानानं जाणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत चालत नाही.

पोराला मी काय सांगितलं? शेतात कोयता आहेच, तर स्टेनलेस कंपॅनियन घे, उरलेल्या पैशात एक चांगला हजार ग्रिटचा पाजवायचा दगड घे आणि घरातल्याच जुन्या चामडी पट्ट्यावर शेवटचा हात मारायची सवय लाव. वर्षभर वापरून हाताला कळलं की आपल्याला पातं किती लांब पाहिजे, मूठ किती जाड पाहिजे, मग लोहाराकडं जाऊ, मी बरोबर येतो. जो कोयता नेऊच शकत नाही, म्हणजे बेंगळूरहून थेट कुठंतरी परक्या जागी कॅम्पला जाणारा, त्यानं गारबर्ग घ्यावा. बीके-२ त्याला आवडलाय हे मला माहीत आहे. माझा तसलाच एक पेटीत आहे, दिवाळीला आला की आधी त्यानं चार चिवे सोलून बघू दे, मग ठरवू दे.