पडून असलेलं कलाविषयक डोमेन (वेबसाइटचा पत्ता): सोडावं, वळवावं, विकावं की द्यावं?

‘विकलं तर किती मिळतील?’ हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचं ते हे, की त्या पत्त्यावर अजून कोण येतं. वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर जुनी पानं उघडा, गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात बाहेरून आलेल्या लिंक तपासा आणि त्या डोमेनवरचा ईमेल कुठल्या खात्यांना जोडलाय ते शोधून काढा. प्रदर्शनाच्या कॅटलॉगवर किंवा चित्रामागच्या लेबलवर एकदा छापलेला पत्ता बदलता येत नाही, त्यामुळे कलेच्या क्षेत्रात ही तपासणी जास्तच गरजेची.

डोमेन कधीच वापरलं नसेल, तर बहुतेकदा सोडून देणंच बरं. ऑटो-रिन्यू (आपोआप होणारं नूतनीकरण) बंद केलं की झालं. डॉट कॉमसारख्या डोमेनला मुदतीनंतर रजिस्ट्रारनुसार (म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीनुसार) नूतनीकरणासाठी 45 दिवसांपर्यंत वाढीव वेळ मिळतो, मग 30 दिवस जादा शुल्क भरून ते परत घेता येतं, त्यानंतर 5 दिवसांत ते रद्द होतं. या सगळ्या दिवसांवर विसंबू नका. मागणी असलेली नावं बऱ्याचदा आधीच लिलावात जातात.

वापरलेलं डोमेन सोडणं मात्र स्वस्तात पडलेलं वाटतं, तेवढं स्वस्त नसतं. नवा मालक त्यावर येणारा सगळा ईमेल एका पेटीत घेऊ शकतो आणि ‘पासवर्ड विसरलो’ वर क्लिक करून तुमची जुनी खाती उघडू शकतो. शिवाय संग्रहालयांच्या आणि वृत्तपत्रांच्या लिंक असलेली नावं जुगाराच्या साइटवाले हेरूनच असतात.

अशा वेळी वळवणं, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या साइटवर नेणं (रीडायरेक्ट), सरस. दरवर्षीचं नूतनीकरण एवढाच खर्च, पण तीन ठिकाणी घोळ होतो. कायमचा बदल सांगणाऱ्या 301 या कोडऐवजी 302 लावलं जातं, म्हणजे बदल तात्पुरता असल्याचा संकेत जातो. सगळी जुनी पानं थेट मुखपृष्ठावर ढकलली जातात. गूगल अशा पानांना ‘सापडलं नाही’ याच खात्यात टाकू शकतं, म्हणून जुनं पान त्याच्याशी जुळणाऱ्या नव्या पानाकडेच न्या. तिसरी चूक सर्रास दिसते: जुन्या डोमेनचं एसएसएल प्रमाणपत्र (साइट सुरक्षित असल्याची ब्राउझरला पटणारी खूण) संपतं आणि वाचकाला नव्या साइटऐवजी धोक्याची सूचना दिसते. गूगल किमान एक वर्ष रीडायरेक्ट ठेवायला सांगतं. छापील पत्ता असेल तर आम्ही म्हणू, परवडेल तितकी वर्षं ठेवा.

विक्रीबद्दलच्या अपेक्षा आवरत्या घ्या. डॉट कॉमऐवजी डॉट आर्टने संपणारं नाव 2017 पासून सर्वांना खुलं आहे, डॉट गॅलरीही मिळतं. ग्राहकाला पर्याय आहेत. छोटा, सर्वसाधारण शब्द असेल तर गिऱ्हाईक भेटेल. एखाद्या कलाकाराचं किंवा गॅलरीचं नाव असेल, तर गिऱ्हाईक एकच, आणि त्या नावावर ट्रेडमार्कचे हक्क असताना ते त्यांनाच चढ्या भावाने विकण्यासाठी घेतल्याचं दिसलं, तर यूडीआरपी या डोमेन-वाद सोडवण्याच्या धोरणाखाली डोमेन हातचं जाऊ शकतं. व्यवहार एस्क्रोमार्फतच करा, म्हणजे डोमेन हाती पडेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहतात. प्रीमियम (जादा किमतीच्या) नावाचं नूतनीकरणही दरवर्षी महाग असू शकतं. ते ग्राहकाला आधीच सांगा, नाहीतर सौदा शेवटच्या क्षणी फिसकटतो. रिकाम्या डोमेनवर नुसत्या जाहिरातींचं पान (पार्किंग) लावून कमाईची आशा धरू नका: थेट पत्ता टाइप करून येणारे लोक नसतील तर हाती काही लागत नाही, आणि उरलीसुरली प्रतिष्ठाही जाते.

त्याच नावाची किंवा त्याच कलाप्रकाराची संस्था असेल तर देऊन टाकणं हा आमच्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा चांगला पर्याय. एकाच रजिस्ट्रारकडे दोघांची खाती असतील तर ते खात्यातून खात्यात सहज जातं. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर डोमेनवरचं लॉक काढून ऑथ कोड (हस्तांतराचा गुप्त कोड) द्यावा लागतो. डॉट कॉमला त्यात एक वर्षाची मुदत वाढते. नुकतीच नोंदणी झाली असेल किंवा रजिस्ट्रार बदलला असेल, तर साधारण 60 दिवस थांबावं लागतं. नोंदणी संस्थेच्या नावावरच करायला लावा. स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर केली, तर तो गेल्यावर नूतनीकरणाची सूचना कुणालाच मिळत नाही.

निर्णय होईपर्यंत नुसतं ठेवायचं असेल तरी ते उघडं सोडू नका. तुमच्या नावाने बनावट ईमेल जाऊ नयेत म्हणून डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) दोन रेकॉर्ड टाका: या डोमेनवरून ईमेल पाठवायला ‘कोणताही सर्व्हर अधिकृत नाही’ असं सांगणारा एसपीएफ, आणि असे ईमेल नाकारायला सांगणारा ‘रिजेक्ट’ धोरणाचा डीमार्क.