नंबिओ: युरोपातला खर्च तपासायला चांगलं, पगार तपासायला नव्हे

बेळगावच्या उद्यमबागेतला सीएनसी ऑपरेटर असो की खानापूर-निपाणीकडची नर्सिंग झालेली मुलगी, जर्मनीची ऑफर आली की बहुतेक घरांत नंबिओ ही वेबसाइट उघडली जाते. शहराचं नाव टाकलं की भाडं, दूध, तांदूळ, अंडी, महिन्याचा बसपास, सगळं एका पानावर दिसतं. पैसे लागत नाहीत आणि दर रुपयांतही बघता येतात. साइट उपयोगाची आहेच, पण तिच्यातला कुठला आकडा धरायचा आणि कुठला सोडायचा हे कळलं पाहिजे. त्या आकड्यांवर लोक कर्ज काढतात.

इथले दर मुख्यतः वापरणारेच भरतात, कुठलं सरकारी खातं नव्हे. म्हणून पान उघडलं की आधी तळाला जा. गेल्या १२ महिन्यांत किती जणांनी किती नोंदी केल्या, ते तिथे लिहिलेलं असतं. बर्लिन, म्युनिकसारख्या शहरांच्या नोंदी भरपूर असतात. पण वृद्धाश्रम, दवाखाने आणि फाउंड्र्यांच्या नोकऱ्या अनेकदा छोट्या गावांत असतात, आणि तिथे मोजक्या नोंदींवर सरासरी काढलेली असते. तेव्हा किराणा नंबिओवरून घ्या आणि भाडं इमोस्काउट२४ किंवा व्हेगे-गेझुख्ट या घरभाड्याच्या वेबसाइटवरच्या त्या गावच्या जाहिरातींवरून.

भाड्यातच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. साइटवरचा राहणीखर्चाचा मुख्य निर्देशांक न्यूयॉर्क १०० धरून काढतात, पण त्यात भाडं धरलेलंच नसतं. भाड्याचा निर्देशांक वेगळा आहे. यादीत एक किंवा तीन बेडरूमचे फ्लॅट आहेत, शेअरिंगमधल्या एका खोलीचा दर नाही, आणि एकटा माणूस सुरुवातीला राहतो तो अशाच खोलीत. वीज-पाणी-हीटिंगचा आकडा ८५ चौरस मीटरच्या घराचा आहे. जर्मन जाहिरातीत ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग-पाण्यासकट भाडं. वार्ममीटेत नंबिओचा तो आकडा मिळवला तर हीटिंग दोनदा मोजलं जातं. वीज आणि इंटरनेट मात्र बहुधा वेगळंच भरावं लागतं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढं घेता येतं, तेवढी रक्कम पहिल्याच महिन्यासाठी हाताशी ठेवा. शिवाय प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी असते. यादीत तूरडाळ नाही, ज्वारीचं पीठही नाही. त्यांचे दर तिथल्या भारतीय किंवा आशियाई दुकानाच्या वेबसाइटवर बघा.

पगाराचा रकाना सरळ सोडून द्या. तो शहरातल्या सगळ्यांचा कर वजा जाता सरासरी पगार आहे, नव्या माणसाचा नाही. देशांची तुलनाच करायची तर युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचे आकडे जास्त भरवशाचे: २०२४ मध्ये युरोपीय संघात पूर्णवेळ कामाचा सरासरी वार्षिक पगार ३९,८०० युरो होता, लक्झेंबर्गमध्ये ८३,०००, बल्गेरियात १५,४००. हे आकडे कर कापण्याआधीचे आहेत.

स्वतःचा हिशोब मात्र ऑफर लेटरवरूनच करावा. जर्मनीत वृद्धसेवेतल्या पात्र नर्सला १ जुलै २०२५ पासून तासाला किमान २०.५० युरो ठरले. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याला सुमारे ३,४६० होतात. त्यातून पेन्शन, आरोग्य, बेकारी आणि सेवा विमा (म्हातारपणी किंवा आजारपणी लागणाऱ्या शुश्रूषेसाठीचा) मिळून साधारण साडेएकवीस टक्के जातात (मूल नसलेल्या, २३ वर्षांवरच्या व्यक्तीचे). वर सुमारे ४०० युरो कर कापला की हातात २,३०० च्या आसपास पडतात. जर्मन अर्थमंत्रालयाच्या ऑनलाइन गणकात फक्त कर निघतो, विम्याची वर्गणी आपणच वजा करायची. आपल्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत बहुतेकांना सहायक म्हणून ठेवतात. त्या कामाचा किमान दर १६.१० होता. एजंटाने यातला कुठला दर सांगितला आहे, हे लेखी विचारा.

नंबिओचा ‘खरेदीशक्ती’ निर्देशांक बघून देश निवडणं हे घरी पैसे पाठवणाऱ्यासाठी चुकीचं आहे. हा निर्देशांक तिथे कमावून तिथेच खर्च करणाऱ्याचा आहे. समजा, एका देशात हातात २,३०० येतात आणि खर्च १,४०० होतो. दुसऱ्या देशात ११०० येतात आणि खर्च ६०० होतो. खर्चाच्या पटीत दुसरा देश सरस दिसतो. पण बँकेत पहिल्यात ९०० उरतात आणि दुसऱ्यात ५००, आणि घराचा हप्ता बेळगावातच भरायचा आहे. म्हणून भागाकार नको, वजाबाकी करा. रुपये शेवटी करा, तेही फक्त उरलेल्या रकमेचे.

ऑस्ट्रियाची ऑफर असेल तर पगार वर्षातून १४ वेळा मिळतो का ते बघा. तसं असेल तर महिन्याचा आकडा १४ ने गुणून १२ ने भागा, मगच जर्मनीशी तुलना करा. आणि जर्मनीला जाणाऱ्याचा जोडीदार इथेच राहणार असेल तर लग्न झालेलं असूनही कमी कराचा टॅक्स क्लास तीन मिळत नाही, पगारातून कर एकट्या माणसाच्या क्लास एकनेच कापला जातो. गणकात तोच क्लास टाका.