जनशताब्दी की दिव्याची गाडी? सामानासकट गावी जाणाऱ्यासाठी

सिंधुदुर्गात गाव असलेल्या माणसाला मुंबईहून दिवसाउजेडी जायचं असेल, तर प्रश्न शेवटी दोन गाड्यांवर येऊन थांबतो. एक पहाटेची जनशताब्दी, दुसरी ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनहून सुटणारी सावंतवाडीची गाडी. बाकीच्या गाड्यांबद्दल पुढे थोडं लिहितो, पण या दोघींमध्ये मी स्वतः चार-पाच वर्षं घुटमळलोय, म्हणून बोलायचं ते मुख्यतः यांच्याबद्दल.

जनशताब्दी चांगली गाडी आहे, हे आधी सांगून टाकतो. पहाटे पाच वाजून गेल्यावर मुंबई सोडते आणि पावसाळा नसेल तर दुपारच्या जेवणाच्या आत कणकवली दाखवते. जागा ठरलेली, थांबे मोजके. २०१७ पासून तिला काचेच्या छताचा विस्टाडोम डबाही लागतो. त्यात एकदा हौसेने बसलो होतो. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल येतो, चौसष्ट मीटर उंचीचा. खालची दरी बघताना शेजारच्या आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता. ते अजून डोळ्यांसमोर आहे. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळ या शहरांतच ज्याचं घर आहे, त्याने फार विचार करू नये असं मला वाटतं. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं तेव्हा तिकीट काढून ठेवावं, एवढंच. गणपतीत आणि मे महिन्यात ते हाती लागणं सोपं नसतं.

दिव्याच्या गाडीचा दिवस मात्र कष्टाने सुरू होतो. ती सकाळी सहानंतर सुटते, म्हणजे त्याआधी दिवा गाठायचं. ठाणे-डोंबिवलीकरांना ते जमतं, विरारच्या माणसाला अर्धी रात्र जागावं लागतं. जनरलचं तिकीट काढून बसता येतं ही सोय खरी, पण जागा पकडायची तर फलाटावर लवकर उभं राहावं लागतं. सणासुदीला तेही पुरत नाही.

एकदा बसलात की मग घाई सोडून द्यायची. गाडी विन्हेरे, दिवाणखवटी, अंजनी, कामथे, उक्षी, भोके अशी लहान लहान स्टेशनं घेत जाते. रोहा ते वीर हा सत्तेचाळीस किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण त्यापुढचा बहुतेक कोकण रेल्वेमार्ग अजून एकेरी आहे. समोरून किंवा मागून एक्स्प्रेस येणार असेल तर आपल्या गाडीला बाजूच्या रुळावर थांबणं भाग असतं. क्रॉसिंग लागलं की जुनी माणसं शांतपणे डबा उघडतात. नवीन माणूस दर पाच मिनिटांनी दारात जाऊन सिग्नल बघतो. मीही सुरुवातीला तेच करायचो.

उघड्या खिडक्यांचं सुख मात्र याच गाडीत आहे. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. आत शिरल्याबरोबर गार वारा अंगावर येतो, पोरं ओरडायला लागतात, आणि बोलणारे आपोआप गप्प होतात. २०२२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, तेव्हापासून बोगद्यात डिझेलचा वासही येत नाही.

एवढ्यावरून कुणीही जनशताब्दीच निवडेल. मीही तीन वर्षं तीच निवडली. माझं मत बदललं ते कणकवली स्टेशनच्या बाहेर.

माझं गाव अचिर्णे स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. जनशताब्दीने गेलं की मी कणकवलीला उतरायचो, म्हणजे गाव मागे टाकून पुढे जायचं आणि पुन्हा उलटं यायचं. एका मे महिन्यात आई बरोबर होती. दोन पिशव्या, एक बॅग, आणि आईच्या हातात तिने मुंबईत कुंडीत वाढवलेलं अबोलीचं रोप. गाडी वेळेवर आली. बाहेर येऊन एसटी स्टँडवर गेलो तर गावाकडची बस नुकतीच गेलेली आणि पुढची तीन तासांनी. स्पेशल रिक्षा मिळेना, मिळाली ती घाटीखालच्या फाट्यापर्यंतच येणार होती. फाट्यावर उतरून वरपर्यंत सामान मी दोन खेपांत नेलं. आई रोप सांभाळत सावलीत बसली होती. घरात पाऊल टाकलं तेव्हा दोन वाजून गेले होते.

त्या रात्री मी सरळ हिशेब केला. दिव्याच्या गाडीने आम्ही चारपर्यंत घरी आलो असतो. म्हणजे गाडीत वाचलेल्या पाच तासांपैकी तीन तास कणकवलीत आणि फाट्यावर गेले होते, आणि सगळा थकवा त्या तीन तासांतच आला होता. पुढच्या खेपेला आईला दिव्याच्या गाडीने नेलं. अचिर्ण्याला उतरलो, चुलतभाऊ हातगाडी घेऊन उभा होता. आई म्हणाली, "माका हीच गाडी बरी. दारात आणून सोडता." तेव्हापासून आमच्या घरात हा विषय संपला.

सगळ्यांना हे लागू होईल असं मी म्हणत नाही. दोन दिवसांचीच रजा असेल तर मीही जनशताब्दी धरतो आणि भावाला आधीच गाडी घेऊन कणकवलीला बोलावतो. गुडघे दुखत असतील तर बऱ्याच लहान स्टेशनांवरचे बुटके फलाट त्रास देतात. मग मोठ्या स्टेशनवर उतरणंच बरं. पावसाळी वेळापत्रक लागलं की सगळ्याच गाड्या हळू चालतात, त्या काळात दोघींमधला फरक आणखी कमी होतो.

२०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत वेगवान आहे, पण सिंधुदुर्गात तीही कणकवलीलाच थांबते, म्हणजे माझं दुखणं तेच. दादरहून रात्री निघणारी तुतारी एक्स्प्रेस हा मधला मार्ग मला पटतो. रात्रीची झोप होते आणि ती वैभववाडी, नांदगाव घेते. फक्त तिकिटाची तारीख नीट बघा. ती रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्याचं तिकीट शनिवारचं हवं. आमच्या वाडीतल्या दोघांनी यात अख्खी सुट्टी घालवलेली आहे. मांडवी एक्स्प्रेसने माझं जाणं फारसं झालेलं नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही.

तुम्हाला ठरवायचं असेल तर गाड्यांची वेळापत्रकं शेजारी ठेवण्याआधी तुमच्या घरापासून जवळचं स्टेशन कोणतं आणि तिथे काय थांबतं ते बघा. नावात 'रोड' असेल तर जास्तच काळजीने बघा. राजापूर रोडला उतरलेला माणूस अजून राजापुरात पोचलेला नसतो.

माझं आता ठरलेलं आहे. दिव्याला डावीकडची खिडकी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी चिपळूणनंतर डबा सैल होतो. वैभववाडी सुटली की मी घरी फोन करतो आणि पलीकडून काकू विचारते, "आधण ठेवू ना?"