जनगणना, दाखला की चर्चची वही? इंग्लिश घराण्याचा माग काढताना

माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं खपून तयार केलेली वंशावळ एका रविवारी दुपारी मोडीत निघाली, आणि त्याला कारण मीच. इंग्लंडच्या यॉर्कशर काउंटीतल्या लीड्सच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो लांबलचक कागद उलगडला होता, थेट १६४० पर्यंत मागे गेलेला. गप्प बसून कौतुक करायचं सोडून मी विचारलं, "१८१२ साली बाप्तिस्मा झालेला हा जॉन आणि १८३८ साली लग्न केलेला हा जॉन एकच, हे कशावरून?" कशावरूनच नव्हतं. एका वेबसाइटवर कुणीतरी आधीच जोडून ठेवलेला वंशवृक्ष होता, आणि ती सुचवेल त्या प्रत्येक नावाला 'हो' म्हणत सासरे मागे मागे गेले होते. नंतर आम्ही त्याच चर्चची दफनवही उघडली. १८१५ साल, तेच नाव, तेच गाव, वय तीन. म्हणजे लग्नाचा जॉन दुसराच, आणि त्याच्या मागच्या पावणेदोनशे वर्षांतले सगळे परक्याचे. आपल्याकडे याला चुकीच्या पितरांना पाणी सोडणं म्हणतील.

तेव्हापासून ओळखीतली मराठी माणसं मला विचारत असतात. कुणाचा जावई इंग्लिश, कुणाची सून. नातवंडांसाठी 'त्या' बाजूची वंशावळही करून ठेवायची असते. सुरुवात कुठून करायची आणि पैसे कशावर घालायचे, हे दोन प्रश्न ठरलेले. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन गाव-आडनाव सांगितलं की ते वही काढतात, तशी एक वही इथे नाही. इथे मुख्य वह्या तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेल्या. सरकारला डोकी मोजायची होती, कायद्याला जन्म-मृत्यू नोंदवायचे होते आणि चर्चला आपले विधी. तुमच्या पणजोबांचे पणजोबा शोधून देणं यातल्या कुणाचंच काम नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुरुवात जनगणनेपासून करा, पैसे दाखल्यांवर घाला, आणि चर्चच्या वह्यांना हात शेवटी लावा. हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं. घराणं स्कॉटलंडचं असेल तर तुम्ही नशीबवान. तिथे मृत्यूच्या नोंदीतही आईवडिलांची नावं असतात. इंग्लंडच्या मृत्युदाखल्यात ती सहसा नसतात.

जनगणना: सगळं घर एका पानावर

दर दहा वर्षांची जनगणना १८०१ मध्ये सुरू झाली, पण घराघरातल्या माणसांची नावं मिळतात ती १८४१ पासून. त्या पहिल्या खेपेची माहिती तोकडी आहे. पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे २९ वर्षांचा माणूस कागदावर २५ चा होतो. घरातल्यांचं आपसातलं नातं लिहिलेलंच नाही. जन्मगावाऐवजी फक्त 'याच काउंटीत जन्म? हो किंवा नाही'. खरी मजा १८५१ पासून येते: कुटुंबप्रमुखाशी नातं, नेमकं वय, धंदा आणि जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. या शेवटच्या रकान्यासाठी मी जनगणनेला पहिला नंबर देते. १८३७ च्या, म्हणजे सरकारी जन्म-मृत्यू नोंद सुरू होण्याच्या, मागे जायचं तर गाव ठाऊक हवंच, आणि ते तिथे एका शब्दात लिहिलेलं असतं.

पण नात्याच्या रकान्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नातं प्रमुखाशी असतं, त्याच्या बायकोशी नव्हे. बाई त्याची दुसरी बायको असली तर 'मुलगा' म्हणून लिहिलेला पोरगा तिचा असेलच असं नाही. आणि त्या काळात 'सन-इन-लॉ' म्हणजे बरेचदा जावई नसून सावत्र मुलगा असायचा. दहा वर्षांच्या पोराला जावई लिहिलेलं बघून मीही चक्रावले होते.

१९११ च्या जनगणनेवर मात्र माझं प्रेम आहे. आधीच्या जनगणनांत आपल्यापुढे येते ती गणनाकाराने उतरवून घेतलेली नक्कल. १९११ चा कागद घरातल्या माणसाने स्वतःच्या हातानं भरलेला. सासूबाईंच्या पणजीचा कागद आम्ही स्क्रीनवर उघडला तेव्हा त्या खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसल्या. पणजी तेव्हा विधवा होती. लग्नाची वर्षं, जन्मलेली मुलं, हयात मुलं, गेलेली मुलं हे रकाने फक्त विवाहित स्त्रियांसाठी होते, विधवांनी भरायचे नव्हतेच. बाईंनी भरले होते: जन्मली ९, हयात ५, गेली ४. कारकुनाने नंतर त्यावर लाल शाईची रेघ मारली, पण आकडे खालून स्वच्छ वाचता येतात. घरात आजवर पाचच मुलांची नावं माहीत होती. बाकीची चार दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मली आणि मधल्याच काळात गेली, म्हणून कुठल्याच पानावर आली नाहीत. जनगणनेचा मोठा दोष हाच: दहा वर्षांतली एकच रात्र दिसते.

त्याच वर्षी मताधिकारासाठी लढणाऱ्या अनेक स्त्रियांनी जनगणनेवर बहिष्कार घातला होता. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन तर त्या रात्री पार्लमेंटच्या इमारतीतल्या एका कपाटात लपून राहिली, आणि शेवटी मोजली गेली दोनदा, एकदा तिथे आणि एकदा राहत्या घरी. म्हणून तुमच्या घराण्यातली एखादी बाई १९११ मध्ये सापडली नाही, तर लगेच तिला मृत समजू नका.

१९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची विसरा. ती १९४२ मध्ये आगीत जळाली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. हे खिंडार थोडंफार भरते ती २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही, जिच्यात जन्मतारीखही मिळते. पुढची, म्हणजे १९५१ ची, शंभर वर्षांच्या नियमाने २०५२ मध्ये. ती नातवंडांनी बघावी.

दाखला: नातं सिद्ध करणारा कागद

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. सुरुवातीला जन्म नोंदवला नाही तर पालकांना दंड नव्हता. तो १८७५ पासून आला, त्यामुळे आधीच्या काळातलं एखादं मूल नोंदीतून निसटलेलं असू शकतं.

जनगणनेपेक्षा दाखला सरस का, तर तो नात्याची लेखी साक्ष देतो. जन्मदाखल्यात आईचं माहेरचं आडनाव असतं. विवाहदाखल्यात नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा. (आयांची नावं विवाहनोंदीत यायला २०२१ साल उजाडावं लागलं.) जनगणना 'हे एका छपराखाली राहत होते' एवढंच म्हणते, दाखला 'हा याचा मुलगा' म्हणतो. अर्थात तोही माणसांच्या सांगण्यावरच लिहिलेला. वडील कोण हे ठाऊक नसलेल्या वधूने रकाना रिकामा दिसू नये म्हणून एखादं नाव सांगून टाकलं असेल, तर ते आज कसं कळणार? आणि सुरुवातीच्या विवाहनोंदींत वयाच्या जागी नुसतं 'सज्ञान' लिहिलेलं आढळतं, म्हणजे एकवीस पूर्ण, एवढंच.

आता पैसे. या सरकारी नोंदी सांभाळणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या वेबसाइटवर जन्म-मृत्यूच्या नोंदींची सूची फुकट शोधता येते. छापील दाखला मी मागवला तेव्हा साडेबारा पौंड पडले. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची नुसती डिजिटल प्रतिमा तीन पौंडांत मिळाली, आणि आपल्या कामाला ती पुरते. विवाहाला ही स्वस्त सोय नाही. तिथे एक पळवाट आहे: चर्चमध्ये लागलेल्या लग्नाची नोंद १८३७ नंतर चर्चच्या वहीतही त्याच रकान्यांनिशी होत असे. वेस्ट यॉर्कशरच्या अशा वह्यांच्या प्रतिमा अॅन्सेस्ट्री या वर्गणीच्या वेबसाइटवर आहेत, वधूवरांच्या सह्यांसकट. लिहिता न येणाऱ्याची फुलीही दिसते. तेव्हा चर्चमधल्या लग्नासाठी साडेबारा पौंड मोजण्याआधी तिथे बघा.

त्या चार मुलांपैकी तिघांची नावंही रजिस्टर ऑफिसच्या सूचीनेच दिली. आपलं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव अशी जोडी टाकली, जिल्हा निवडला, आणि आम्हाला माहीत नसलेली तीन नावं समोर आली. मृत्यूच्या सूचीत तिघांचीही वयं: शून्य, दोन, शून्य. सासूबाईंनी ती एका कागदावर लिहून घेतली. चौथं मूल अजून सापडलेलं नाही. एकट्या जनगणनेने फक्त आकडा दिला असता, एकट्या सूचीने नुसती नावं, पण किती शोधायची हे कळलं नसतं.

फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांनी उतरवलेली सूचीही फुकट आहे आणि शोधायला सुटसुटीत. मात्र ती जुन्या तिमाही सूच्यांवरून केलेली असल्याने आईचं माहेरचं आडनाव तिच्यात १९११ च्या उत्तरार्धापासूनच मिळतं. त्याआधीच्या जन्मांसाठी रजिस्टर ऑफिसचीच सूची वापरा.

चर्चची वही: खोल विहीर, कमी उजेड

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायचा हुकूम काढला. म्हणजे कागदोपत्री जवळजवळ पाचशे वर्षं मागे जाता येतं. हे ऐकूनच लोक घाईने इथे उडी मारतात आणि सासऱ्यांसारखे फसतात.

नोंद बहुधा एवढीच असते: 'जॉन, जोसेफचा मुलगा', आणि तारीख. आईचं नाव कधी आहे, कधी नाही. एकाच पॅरिशमध्ये चार जोसेफ. सतराव्या शतकाच्या मध्यावर, यादवी युद्धाच्या काळात, अनेक वह्यांत वर्षांच्या वर्षं कोरी. शिवाय १७५२ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, साधारण आपल्या पाडव्याच्या सुमारास. म्हणून १० फेब्रुवारी १७१९ ची नोंद आजच्या हिशेबाने १७२० ची. आधी लेक जन्मली आणि मग आईबापांचं लग्न झालं असं दिसलं, तर आधी कॅलेंडर तपासा, मग कुजबुजा.

१८१३ पासून छापील नमुने आले. बाप्तिस्म्यात वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनात वय. एरवी सुधारणा म्हणावी, पण यॉर्कशरमध्ये उलटं घडलं. विल्यम डेड नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकात अशी पद्धत घातली की बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोन्हीकडच्या आजोबांपर्यंतची माहिती यावी, आणि १७७७ पासून यॉर्कच्या आर्चबिशपने ती इतरत्रही सुरू करवली. ज्या पॅरिशांनी ती मनापासून पाळली तिथे एका ओळीत तीन पिढ्या मिळतात. छापील नमुना आला आणि हे सगळं बंद. आमच्या खोट्या जॉनची नोंद डेड पद्धतीची होती. आजोबा आयते मिळाले, म्हणून तर तो वंशवृक्ष इतका सरसर मागे गेला होता.

आणखी एक भोक: मेथडिस्ट, क्वेकर असे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे पंथ. यॉर्कशरच्या गिरण्यांच्या गावांत ते भरपूर. त्यांच्या १८३७ पूर्वीच्या बऱ्याच वह्या सरकारजमा झाल्या आणि आता लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न चर्च ऑफ इंग्लंडमध्येच करावं लागे. त्यामुळे एकाच कुटुंबाची लग्नं एका वहीत आणि बाप्तिस्मे दुसऱ्या वहीत.

मृत्युपत्रांबद्दल थोडक्यात: गरिबाघरी ती विरळाच. पण शेतकरी, दुकानदार, खाणावळवाला असेल तर नक्की शोधा. सगळ्या मुलांची, जावयांची नावं एका कागदावर मिळतात. १८५८ पूर्वी हे काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं, आणि उत्तरेकडची बरीच मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

वार्षिक वर्गणी भरण्याआधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा. अनेक ठिकाणी तिथल्या संगणकावर अॅन्सेस्ट्री किंवा तशीच दुसरी वेबसाइट फाइंडमायपास्ट फुकट बघता येते. वर्गणी घ्यायचीच, तर दोन्हींपैकी तुमच्या काउंटीच्या चर्चवह्या ज्याच्याकडे आहेत ते घ्या. जनगणना दोघांकडेही आहे. आणि १८५१ मध्ये घरात असलेला तरणा भाऊ १८६१ मध्ये कुठेच दिसला नाही, तर मुंबईही बघा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनला कळवली जात. त्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत आणि फाइंडमायपास्टवरही. रेल्वेवर किंवा पलटणीत आलेला यॉर्कशरचा पोरगा भायखळ्याला लग्न करून खडकीला पुरला गेलेला असू शकतो.

आमच्या जॉनचं म्हणाल, तर १८३८ च्या विवाहनोंदीत वडील जोसेफ, धंदा लोकर विंचरण्याचा. १८५१ मध्ये वय ३९. जवळच्या वेस्लियन, म्हणजे मेथडिस्ट, चॅपेलच्या वहीत १८११ चा एक जॉन आहे, वडील जोसेफ, तेही लोकर विंचरणारे. जुळतंय, पण त्याच चॅपेलमध्ये दुसरा कुणी जोसेफ नव्हता हे अजून बघायचं आहे. सासऱ्यांनी नवा कागद केला आहे. जॉनपर्यंत सगळं शाईनं, आणि जोसेफ पेन्सिलीनं.